गळ, तराजू आणि तळें

आपल्या मुलांनीं फुरसतीचा वेळ कसा घालवावा, याविषयीं शाळेनें कांहीं मार्गदर्शन करावें अशी पालकांची अपेक्षा असते, आणि ती योग्यच आहे. मैदानी खेळांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. आज आम्ही एका निराळ्याच खेळाविषयीं चार शब्द लिहिणार आहों. तो खेळ म्हणजे तळ्याच्या कांठीं बसून गळानें मासे धरण्याची शर्यत. तलवाड्याच्या वाचकांस हा विषय सातासमुद्रांपलीकडचा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांत गुंतलेला प्रश्न आपल्या गेवराई तालुक्याच्या अगदीं दारांतला आहे, असें आमचें मत आहे.

इंग्लंडांत गोड्या पाण्यांतील माशांचे दोन वर्ग मानण्याची जुनी रीत आहे. सामन व ट्राउट हे मानाचे मासे. उरलेले रोच, ब्रीम, कार्प वगैरे सारे भरड मासे. मानाच्या माशांची शिकार बहुधा धनिकांच्या ताब्यांतील नद्यांवर चाले. भरड मासे मात्र कालव्यांत आणि तळ्यांत गिरणीच्या कामगारासही धरतां येत. म्हणून या भरड माशांच्या शर्यतींस कष्टकरी लोकांचाच मोठा आश्रय मिळाला. १९०३ सालीं त्यांच्या मंडळांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि १९०६ सालापासून राष्ट्रीय अजिंक्यपदाची शर्यत सुरू झाली.

शर्यतीचा दिवस साधारणपणें असा जातो. सकाळीं सर्व स्पर्धक कांठावर जमतात व चिठ्ठ्या काढून प्रत्येकाची जागा ठरवितात; चांगली जागा श्रीमंतास आणि वाईट गरिबास असा भेद तेथें चालत नाहीं. मग जो तो आपल्या जागेवर बसून पाण्याची खोली पाहतो, आमिषाचे गोळे मळतो आणि इशारा होतांच गळ टाकतो. त्यानंतर पांच-सहा तास त्यानें पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक बुचाकडे पाहत बसावयाचें. बोलणें थोडें, हालचाल थोडी. धरलेला मासा मारीत नाहींत. पाण्यांतच बुडविलेल्या जाळीच्या लांब पिशवींत तो जिवंत ठेवतात. वेळ संपली कीं पंच तराजू घेऊन एकेकाकडे येतात, माशांचें वजन करतात आणि ते पुन्हां तळ्यांत सोडून देतात. ज्याचें एकंदर वजन अधिक, तो विजयी.

आपल्याकडेही ही हौस अगदींच अपरिचित नाहीं. मुंबईचा पवई तलाव १८९१ सालीं शहरास पाणी पुरविण्यासाठीं बांधण्यांत आला, परंतु त्याचें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं. त्याच तलावावर महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनचे सभासद कटला, रोहू व मृगळ या माशांसाठीं गळ टाकीत आले आहेत. आणि तलावांत शिरणारें सांडपाणी व माजणारी जलपर्णी यांविरुद्ध ओरड करणाऱ्यांत हे हौशी लोकही आहेत. ज्याला तळ्यापासून कांहीं हवें असतें, तोच बहुधा तळ्याची काळजी वाहतो, हें यावरून दिसतें.

आतां कोणी विचारील, “खाण्यासाठीं नव्हे, विकण्यासाठीं नव्हे, केवळ तराजूंत घालून परत सोडण्यासाठीं मुक्या जिवाच्या ओठांत गळ रुतवावयाचा, ही कसली करमणूक?” हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. उलट कांटा नसलेला गळ वापरणें, मासा ओल्या हातानें धरणें, त्यास उन्हांत फार वेळ न ठेवणें असे नियम चांगल्या मंडळांनीं केले आहेत, ते या आक्षेपाचें वजन ओळखूनच. तरीही तिकडचा रिवाज जशाचा तसा इकडे आणतां येणार नाहीं. पाणी जसें तापतें, तसा त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होत जातो. विलायतेच्या थंड तळ्यांत सोडलेला थकलेला मासा सांवरेल. मराठवाड्यांतील वैशाखाच्या उथळ, कोमट पाण्यांत तोच मासा डोळ्यांआड जाऊन मरेल, आणि आपण त्याला जीवदान दिलें या समाधानांत घरीं परतूं! दया करावयाची तर ती पाण्याचें ज्ञान मिळवून करावी.

ऋतु पाळण्याचेंही तसेंच आहे. इंग्लंडांत १८७८ च्या कायद्यानें भरड माशांना १५ मार्च ते १५ जून असा विणीचा काळ मोकळा मिळाला. तेथील नद्यांवर तो अजूनही पाळला जातो. पण त्यासाठीं आपण विलायतेकडे पाहण्याचें कारण नाहीं. नारळी पौर्णिमेपूर्वीं होडी समुद्रांत न लोटण्याचा आपल्या कोळी बांधवांचा रिवाज कोणत्याही कायद्याहून जुना आहे.

परंतु आमचा मुख्य मुद्दा पुढेंच आहे. तळ्यांतील मासा हा कोणाचा? पुष्कळांस वाटतें कीं, तो आभाळांतून पडलेल्या पावसासारखा, ज्याच्या हातीं लागेल त्याचा. वस्तुस्थिति तशी नाहीं. कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो. म्हणून तिन्ही एकाच तळ्यांत फारसे एकमेकांच्या घासाआड न येतां वाढतात. मात्र सांचलेल्या पाण्यांत ते सहसा अंडीं घालीत नाहींत. त्यांस पावसाळी पुराचें वाहतें पाणी लागतें. त्यामुळें पूर्वीं नद्यांतून पिलें गोळा करून तळ्यांत नेऊन सोडावीं लागत. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मस्तकांतील पियूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून या जातींकडून बंदिस्त पाण्यांत अंडीं घालविण्यांत यश मिळविलें, आणि मत्स्यबीज निर्माण करण्याचा मार्ग खुला झाला. इंग्लंडांतील कार्प, ज्याला आपल्या बाजारांत सिप्रिनस म्हणतात, तो तर बाहेरूनच आलेला. १९३९ सालीं तो प्रथम निलगिरींत आणला गेला.

१९७६ सालीं पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचें धरण पूर्ण झालें. त्याचा उजवा कालवा आपल्या भागांतून पुढें माजलगांवकडे गेला आणि तेथें सिंदफणेवर दुसरा मोठा जलाशय झाला. अशा जलाशयांतील मासेमारी शासन मच्छीमारांच्या सहकारी संस्थांस ठेक्यानें देतें. त्या संस्था बोटुकली विकत घेऊन पाण्यांत सोडतात आणि ती वाढेपर्यंत वाट पाहतात. म्हणजे तेथील मासा हें शेतांतल्या कणसासारखेंच कोणाच्या तरी घामाचें पीक आहे. न विचारतां त्यावर गळ टाकणें हें उभ्या पिकांत शिरून कणसें खुडण्यासारखें आहे. मग तें हौसेनें केलें काय, नि भुकेनें केलें काय!

आणि येथें एका कटु गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. किंमती काठी व टोपी घेऊन तळ्याच्या कांठीं बसलेल्या गृहस्थास आपण ‘शौकीन’ म्हणतों. त्याच्या धीराचें व एकाग्रतेचें कौतुक करतों. पहांटेच्या थंडींत कमरेएवढ्या पाण्यांत जाळें ओढणाऱ्या भोयाकडे तोच धीर व तीच एकाग्रता असतां आपण नाकाला पदर लावतों! शाळाशाळांतून मच्छीमारांच्या मुलांस “वास येतो” म्हणून वेगळें बसविणारीं, टोपणनांवें ठेवणारीं मुलें आढळतात. तीं हें कोठें शिकलीं? बहुधा घरींच. गालील समुद्रांत जाळें टाकणाऱ्या पेत्रास व अंद्रियास प्रभूनें आपले पहिले शिष्य म्हणून बोलाविलें, तेव्हां त्यांच्या हातांचा वास त्याला आड आला नाहीं. मासा धरणें ही लाजेची गोष्ट असेल तर ती दोघांसही लाजेची. आणि कौशल्याची असेल तर भोयाचें कौशल्य अधिक मोठें, कारण त्याच्या चुकीची शिक्षा रात्रीं त्याच्या चुलीस भोगावी लागते.

म्हणून आमचें मत थोडक्यांत असें. गळाच्या शर्यतीस आमचा सरसकट विरोध नाहीं. ती मनुष्यास स्वस्थ बसावयास शिकविते, व हा गुण अलीकडे दुर्मिळ होत चालला आहे. पण ती आपल्या भागांत कधीं भरवावयाची तर ठेकेदार संस्थेच्या संमतीनें, तिला योग्य मोबदला देऊन, थंडीच्या दिवसांत आणि पाणी पुरेसें असतांनाच भरवावी. आणि पंचांच्या आसनावर एखाद्या अनुभवी भोयास बसवावें. २०१६ च्या उन्हाळ्यांत, आपल्याच जिल्ह्यांतील मांजरा धरण आटल्यामुळें, लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलेलों नाहीं. ज्या प्रदेशांत माणसाच्या घोटाची अशी अवस्था होऊं शकते, तेथें माशांची शर्यत ही पाण्याच्या राखणीनंतरची गोष्ट आहे.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच. गळ घेऊन एकट्यानें कालव्याकडे कधींही जाऊं नका. कालव्याचे कांठ निसरडे असतात आणि वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला आंत ओढ असते. हौस असेल तर प्रथम पोहणें शिका. मग वडिलांच्या परवानगीनें एखाद्या जाणत्या मच्छीमाराजवळ दोन तास बसून त्याचें काम पाहा, त्याला प्रश्न विचारा, आणि त्याला ‘अहो काका’ म्हणा. पालकांस विनंति अशी कीं, मासळी घेतांना घासाघीस करावयाची असेल तर ती अवश्य करा. परंतु मुलांच्या देखत त्या मनुष्याच्या धंद्याविषयीं जें बोलाल तें मोजून मापून बोला. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तेच शब्द त्याच्या मुलाच्या कानावर पडतात.