हरलो म्हणून साथ सोडायची नाही

रापण रिकामी आली म्हणून कोणी होडी विकायला काढत नाही. मग एफसी गोवा हरली की आपल्यातलेच काही जण खेळाडूंना नको ते का बोलतात? आम्हाला हे पटत नाही.

२० डिसेंबर २०१५, फातोर्डा. फायनल संपत आली तेव्हा आपण २-१ने पुढे. शेवटच्या काही मिनिटांत चेन्नईयिनने ३-२ केलं. २०१९ची फायनलही बंगळुरूने एका गोलने नेली. पण महिन्याभरातच सुपर कप आला आणि २०२०मध्ये लीग शील्ड. तो आनंद टिकून राहिलेल्यांना जास्त गोड लागला.

खेळ चुकला तर जरूर बोला, शिव्या नकोत. आपली पोरं ऐकतात, उद्या तीच मैदानात उतरणार आहेत. पुढच्या मॅचला नारिंगी जर्सी घालूनच या!