भिंग उन्हात धरा
दहावीचा निकाल लागला की गावोगावची मुलं लातूर-नांदेडला खोल्या शोधत येतात. नीट की जेईई, हे बहुतेकदा घरीच ठरलेलं असतं. विज्ञानाची ओढ मात्र वर्गातच लागावी लागते. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांना ती मुंबईच्या युनियन हायस्कूलमध्ये लागली. तिथल्या भावे सरांनी मुलांना उन्हात नेलं, बहिर्गोल भिंग कागदावर धरलं, मागेपुढे करत उजेडाचा ठिपका बारीक केला आणि कागद पेटला. शक्ती अशी एकवटली तर काहीही साधतं, हे सरांनी तिथंच समजावलं. बाराव्या वर्षापर्यंत अनवाणी फिरलेल्या त्या मुलानं मनाशी शास्त्रज्ञ व्हायचं ठरवलं. १९९५ मध्ये माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक झाले. भिंगाच्या त्या प्रयोगाला लागलं काय? एक भिंग, एक कागद आणि मराठवाड्यात कधीच कमी न पडणारं ऊन. ‘लातूर पॅटर्न’नं शिस्त आणि सरावाच्या बळावर साध्या घरांतून डॉक्टर-इंजिनिअर घडवले, त्याचं मोल मोठं आहे. तरीही शिक्षकांना कळकळीनं सांगणं आहे, सराव परीक्षेसाठी प्रात्यक्षिकाचा तास कापू नका. पाठ करून उत्तर येतं. प्रश्न आपला वाटायला प्रयोग स्वतःच्या हातानं करावा लागतो.