कोणतें पातेलें?

आमच्या कन्येचें बिऱ्हाड इंग्लंडांत आहे. तेथील शाळांना उन्हाळ्याची सुटी पडते ती जुलैच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडे पाऊस लागून राहिलेला असतो तेव्हां. या सुटींत ती आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली होती. नातीनें येतांना अभ्यासाची एक वही बरोबर आणली होती. आणि जन्मभर वह्या तपासण्यांत गेलेल्या माणसाच्या हातीं ती पडल्यावाचून कशी राहणार!

वहींतील पहिलाच पाठ नामाचा विस्तार करण्याचा होता. ‘कुत्रा’ एवढेंच नाम दिलेलें. त्याला शब्द जोडून तें भरीव करावयाचें. इंग्लंडमध्यें २०१३ सालीं प्रसिद्ध होऊन २०१४ पासून चालूं झालेल्या अभ्यासक्रमांत हा विषय दुसऱ्या इयत्तेला, म्हणजे सहासात वर्षांच्या मुलांना, नेमलेला असून चौथ्या इयत्तेंत तो पुनः येतो. आपल्या वाचकांना तो अगदींच परका वाटूं नये. वाक्यपृथक्करणांत आपण ज्याला उद्देश्यविस्तार किंवा कर्मविस्तार म्हणत असूं, त्याचेंच हें धाकटें भावंड. मात्र आपण मुलांना आयतें वाक्य फोडावयास देत होतों. तिकडे विस्तार मुलांनीं स्वतः रचावयाचा असतो. ही रीत मला अधिक पसंत आहे.

नातीनें रचलेला विस्तार मराठींत सांगावयाचा तर असा होता: ‘मोठा, भयंकर, केसाळ, तपकिरी, सुंदर कुत्रा.’ भयंकर असून सुंदर कसा, असें मीं विचारलें. ती म्हणाली, “आजोबा, जितके जास्त शब्द तितकं छान!”

अभ्यासक्रम असें म्हणत नाहीं. त्यांत या विस्ताराचे दोन हेतु सांगितले आहेत: वर्णन आणि निश्चिति. उदाहरणांत ‘निळें फुलपांखरूं’ आहे, तसेंच ‘साधें पीठ’हि आहे. इंग्रज गृहिणीच्या फडताळांत दोन प्रकारचें पीठ असतें. एकांत तें फुगविणारी पूड आधींच मिसळलेली, दुसरें साधें. तेथें ‘साधें’ हा शब्द शोभेचा नव्हे. तो गाळला तर पदार्थ बिघडेल. मुलांना पहिला हेतु लवकर कळतो, दुसरा मागें राहतो.

तो आमच्या घरीं कळला तो स्वयंपाकघरांत. त्याच दुपारीं सौ. नीं हांक मारली, “बाळ, फडताळांतलं पातेलं आण ग.” फडताळांत पातेलीं चार. नातीनें सर्वांत मोठें ओढीत आणलें. “हें नव्हे, पितळेचं.” पितळेचीं दोन निघालीं. “कांठ चेपलेलं, पितळेचं!” तेव्हां कुठें हवें तें आलें. मीं तिला हळूच विचारलें, “आजी ‘सुंदर पातेलं आण’ म्हणाली असती तर?” ती खदखदून हंसली. माझ्या घटकाभराच्या व्याख्यानानें जें साधलें नसतें तें एका चेपलेल्या कांठानें साधलें.

पाठशाळेंत शिकत असतांना गुरुजींनीं मीमांसकांचा एक नियम सांगितला होता. जें विशेषण वस्तूला लागूं होण्याचा संभवच नाहीं तें व्यर्थ, आणि जें तिला सोडून कधीं राहतच नाहीं तेंहि व्यर्थ. अग्नि थंड म्हणणें वेडेपणाचें. उष्ण म्हणणें निरर्थक, कारण दुसऱ्या प्रकारचा अग्नि कोणीं पाहिला आहे? विशेषणानें इतरांना बाजूला सारून ही एक वस्तु पुढें आणली पाहिजे.

हा नियम मला तोंडपाठ होता, तरी एकदां तो मजकडून पाळला गेला नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं चौथीच्या वर्गाला ‘माझी आई’ हा निबंध दिला होता. सगळ्यांच्या आया प्रेमळ, मायाळू, कष्टाळू आणि सुंदर. एका मुलानें यांतलें एकहि विशेषण वापरलें नव्हतें. त्यानें लिहिलें होतें, ‘सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणारी माझी आई’. मीं तांबड्या शाईनें शेरा मारला, ‘विशेषणें फार थोडीं’, आणि दहांपैकीं चार गुण दिले. तो सबंध समूह हेंच एक मोठें विशेषण आहे, हें व्याकरण शिकविणाऱ्या मला दिसलें नाहीं. तो मुलगा वही घेऊन जाग्यावर गेला. कांहीं बोलला नाहीं. आतां तो चाळिशीचा असेल.

असो. नातीला मराठीचाहि सराव व्हावा म्हणून मीं तेच विस्तार मराठींत करावयास दिले, आणि खरी गंमत तेथें सुरू झाली. त्यांच्या चौथीच्या एका उदाहरणांत मास्तर कडक आहेत, गणिताचे आहेत आणि कुरळ्या केसांचे आहेत. इंग्रजींत केसांचा तुकडा नामानंतर शेपटासारखा लावतां येतो. मराठींत तो नामाच्या आधींच बसवावा लागतो. नातीनें लिहिलें, ‘कुरळ्या केसांचे कडक गणिताचे मास्तर.’ कडक कोण, गणित कीं मास्तर? शेवटीं ‘गणिताचे, कुरळ्या केसांचे कडक मास्तर’ असें ठरलें. ज्या शब्दाचा नामाशीं घोंटाळा होईल तो नामाला चिकटवून ठेवावा, हें तिनें स्वतःच शोधलें.

विशेषण आकारान्त असलें तर आपली भाषा थोडी मदत करते. ‘मोठें फुलांचें झाड’ आणि ‘मोठ्या फुलांचें झाड’ हीं दोन चित्रें मीं तिला काढावयास सांगितलीं. पहिल्या चित्रांत पानभर झाड व तिळाएवढीं फुलें. दुसऱ्यांत वीतभर झाडावर परातीएवढीं तीन फुलें! इंग्रजी विशेषणाला लिंग, वचन, विभक्ति यांचा विकार होत नाहीं, त्यामुळें तिकडे वाढणारीं आपलीं मुलें नेमकीं येथें अडखळतात. तीहि आधीं ‘मोठा फुलांचें झाड’ म्हणाली होती. चित्र काढल्यावर पुनः चुकली नाहीं. ‘लाल’ सारखें विशेषण मात्र बदलत नाहीं, तेथें जागाच सांभाळावी लागते. संस्कृतांत विशेषण नामाचें लिंग, वचन आणि विभक्ति घेऊन चालतें, म्हणून तें नामापासून दूर गेलें तरी ओळखूं येतें. पण तें सात वर्षांच्या मुलीला सांगण्याचा मोह मीं आवरला.

ज्यांच्या घरीं अशीं मुलें सुटींत येतात त्यांनीं वही बाजूस ठेवून त्यांना वस्तु आणावयास पाठवावें. एकत्र कुटुंबांत एकाच नांवाच्या वस्तु पुष्कळ असतात, ही मोठीच सोय आहे. माझ्या चार चष्म्यांवर आमचे दोन दिवस मजेंत गेले.

निघण्याच्या दिवशीं सौ. लाडू बांधून देत होत्या. त्यांनीं नातीला डबा आणावयास सांगितलें. ती फडताळापाशीं थबकून म्हणाली, “आजी, कोणता? घट्ट झांकणाचा, कीं मी लाडू संपवलेला?”

सौ. म्हणाल्या, “दोन्ही आण.”