गोळी कुठली, हा प्रश्नच नको

भाऊबीजेला आदिलाबादला माहेरी गेले होते. चौविहार असल्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली आणि ओसरीवर गप्पा रंगल्या. भाच्याने मोबाइल पुढे केला. "आत्या, छोट्या हरणाला कुठली रायफल बरी गं? मित्र म्हणतो, पॉइंट टू-टू पुरते. त्याच्या ओळखीचे लोक जीप घेऊन जातात रात्री."

कुणीतरी हसलं. वहिनी म्हणाली, "नुसतं विचारतोय तो, ताई. आपण काय खाणार आहोत थोडंच?"

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मी शोधलंसुद्धा. इंग्लंडमध्ये आपल्या भेकराचा भाऊबंद असलेलं मुंटजॅक नावाचं हरीण आहे आणि तिथे त्याची शिकार कायद्याने चालते. तो कायदा म्हणतो, बंदुकीचा बोअर .२२० इंचापेक्षा कमी नको. गोळी किमान ५० ग्रेनची, म्हणजे सव्वातीन ग्रॅमची. नळीतून निघताना तिची ऊर्जा किमान १००० फूट-पौंड. शिवाय गोळी अशी हवी, की शरीरात शिरल्यावर फुलेल. मोठ्या हरणाला .२४० इंच आणि १७०० फूट-पौंड. भाच्याच्या मित्राची साधी पॉइंट टू-टू रिमफायर आकड्याने यात बसते खरी, पण तिच्या काडतुसात ऊर्जा असते शंभर-दीडशे फूट-पौंडांच्या आसपास. तिने हरीण जागच्या जागी पडेलच असं नाही. ते पोटात शिसं घेऊन झाडीत शिरतं आणि तासन् तास मरत राहतं.

बायांनो, हे आकडे मी शिकवायला सांगत नाही. ते काय कबूल करतात, तेवढं बघा. जिथे शिकार चालते तिथल्या कायद्यालाही मान्य आहे, की हरणाला यातना होतात, आणि त्या कमी करणं हे मारणाऱ्यावरचं बंधन आहे. मारणाऱ्यांच्या कायद्याला जे कळतं, ते आमच्या ओसरीवर कुणालाच सुचू नये?

आता आपल्या जिल्ह्याकडे या. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ साली चार जिल्हे झाले, पण जंगल एकच राहिलं. कवाल १९६५ साली अभयारण्य झालं, २०१२ साली व्याघ्र प्रकल्प. तिथे भेकर आहे. वीस-पंचवीस किलोचं, एकटं राहणारं, धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकणारं. तिथे चौशिंगा आहे; डोक्यावर चार शिंगं असलेलं दुसरं रानटी जनावर जगात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोघांची शिकार बंद आहे. अभयारण्यात शिकार केली तर किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत कैद. घरात बारा बोअरची किंवा .३१५ ची परवान्याची बंदूक असली, तरी तो परवाना बंदुकीचा असतो, हरणाचा नसतो. म्हणजे आदिलाबादेत छोट्या हरणाला योग्य गोळी एकही नाही. हेच उत्तर, आणि ते पुरेसं आहे.

याच हैदराबादेत नेहरू प्राणिसंग्रहालयाने पिसोरी वाढवली आणि नल्लमलाच्या जंगलात सोडली. पिसोरी म्हणजे तीनेक किलोचं हरीण, आपल्या कापडाच्या पिशवीत मावेल एवढं. एकीकडे माणसं ते वाचवायला वर्षं घालवतात, दुसरीकडे आमची पोरं बोअर विचारतात.

यावर जी तीन उत्तरं ऐकू येतात, ती मला पाठ आहेत.

पहिलं, "शिकार तर गोंड-कोलाम करतात, आपल्याला काय सांगता?" निजामाच्या राज्यात शिकार हा बड्या लोकांचा शौक होता, आणि त्याच काळात राखीव जंगलाच्या नावाखाली गोंड-कोलामांना त्यांच्या वस्त्यांतून उठवलं जात होतं. कुमराम भीम जोडेघाटला १९४० साली मारला गेला, तो याच जल-जंगल-जमिनीसाठी. जीप, सर्चलाइट आणि भारी रायफल काही गोंडाच्या झोपडीतून निघत नाही.

दुसरं, "जनावरं पीक खातात." खातात. रानडुकराने आणि रोह्याने नासवलेलं शेत मी पाहिलं आहे, शेतकऱ्याचं रडणंही. त्यासाठी वनखात्याकडे अर्ज आहे, भरपाई आहे, आणि अगदी गरज पडली तर परवानगीने उपाय आहे. आपल्या धर्मानेही विरोधी हिंसा आणि संकल्पी हिंसा यांत फरक केला आहे. स्वतःच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडते ती एक. ठरवून, मजेसाठी करतो ती दुसरी, आणि ती श्रावकाला साफ वर्ज्य आहे. मध्यरात्री मित्रांना घेऊन भेकराच्या मागे जाणारा कापूस राखायला निघालेला नसतो.

तिसरं उत्तर वहिनीचं, "आपण थोडंच खातो?" हे सगळ्यात जास्त झोंबतं, कारण हे आपलं आहे. पाप तीन वाटांनी लागतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि केल्याला मान दिलेली. कृत, कारित, अनुमोदन. पाणी गाळून पितो, कंदमूळ टाळतो, आणि ओसरीवर हसून अनुमोदन देतो!

करवण्याचा हिशोबही मांडू. इथलं बरंच रान गोळीने मरत नाही, तारेने मरतं. क्लचवायरचा फास पायवाटेवर लावतात. जनावर जेवढी ओढ घेतं तेवढा तो आवळतो. नाहीतर विजेच्या लाइनवर आकडा टाकून उघडी तार रानात सोडतात. डुकरासाठी टाकलेल्या त्या तारेत हरीण मरतं, वाघ मरतो, कधी माणूसही मरतो. ती वायर कुणाच्या दुकानातून जाते? आपल्या. गाडी दुरुस्तीला एखादी वायर नेणारा वेगळा आणि बंडल उचलणारा वेगळा, हे गल्ल्यावर बसलेल्याला कळत नाही काय? श्रावकाला वर्ज्य पंधरा धंद्यांत विष-वाणिज्य आहे, आणि आचार्यांनी त्यात शस्त्रंही धरली आहेत.

उत्तराध्ययन सूत्रातला संजय राजा आठवा. कांपिल्याचा हा राजा घोड्यावरून हरणांच्या मागे गेला, बाण मारले, आणि पाहतो तर मेलेल्या हरणाजवळ मुनी ध्यानात बसलेले. राजा थरथर कापला. मुनी गर्दभालींनी त्याला अभय दिलं, आणि तेच अभय इतर जिवांना द्यायला सांगितलं. राजाने बाण कुठल्या लाकडाचा होता, हे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला शेजारी बसवलं आणि वरचे सगळे आकडे सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आत्या, मग दिवाणखान्यातल्या शिंगांचं काय?"

आजोबांना कुणीतरी भेट दिलेली सांबराची शिंगं. त्यांच्याखाली आमचे साखरपुडे झाले, तिथेच आमचं सामायिकही होतं. मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर ती घरात ठेवणंही गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. तरी इतकी वर्षं माझी नजर तिकडे गेली नव्हती.

भावाशी वाद झाला. वहिनी आधी गप्प होती, मग तीच स्टूल घेऊन आली. शिंगं खाली उतरली. ती वनखात्यात कशी जमा करायची, हे भाऊ आता वकिलाला विचारतो आहे. भिंतीवर त्या जागी पांढरा डाग दिसतो. वहिनीने तो रंगवू दिलेला नाही.

तुमच्याही घरी एखादा मुलगा बोअर विचारेल. हसू नका. आधी आपल्या भिंतीकडे आणि आपल्या दुकानाकडे बघा, आणि मग त्याला उत्तर द्या. त्याच रात्री द्या. माझ्यासारखं दुसऱ्या दिवसावर टाकू नका.