खोबण रिकामी ठेवू नका

आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडवर किंवा बाजारात काळा चष्मा लावलेला माणूस दिसला, की तो उन्हासाठीच लावला आहे असं समजू नका. काहींच्या त्या काचेआड डोळाच नसतो. कुणाला थ्रेशरमधून उडालेला खडा लागतो, कुणाला वाकताना तुराटीचं टोक घुसतं, कुणाला बैलाचं शिंग. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनातून उठलेल्या कितीतरी लोकांचा डोळा काळ्या बुरशीनं नेला. ऑपरेशन होतं, सुट्टी मिळते आणि घरचे म्हणतात, "झालं ना, आता काय रायलं?" राहते ती खोबण. तिच्याकडे मग कुणी पाहत नाही.

आधी एक भीती दूर करू. डॉक्टर उगाच डोळा काढायला सांगत नाहीत. नजर पूर्ण गेलेली आणि वर रात्रंदिवस ठणका, आत भरलेला पू, किंवा डोळ्यातला कॅन्सर, अशीच कारणं असतात. लहान मुलाच्या बुबुळात मांजरीच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली, तर तो कॅन्सर असू शकतो. तिथं "लेकराचा डोळा काढू देणार नाही" म्हणून महिनाभर घरी बसलात, तर प्रश्न लेकराच्या जिवाचा होतो. फुटलेल्या डोळ्याचं आणखी एक आहे. क्वचित त्याच्यापायी चांगल्या डोळ्यालाही सूज येते आणि तोही जातो. ब्रेल लिपी शोधणाऱ्या लुई ब्रेलला तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामडं शिवायच्या कामातली आरी एका डोळ्याला लागली. पाचव्या वर्षापर्यंत तो दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला होता.

डोळा काढण्याच्या नेहमीच्या रीती दोन. एकीत डोळ्याचं पांढरं कवच ठेवून आतला भाग काढतात, दुसरीत अख्खा डोळा काढतात. दोन्हीत बहुतेक वेळा रिकाम्या जागी एक गोळा कायमचा बसवून वरून शिवतात. हा गोळा म्हणजे नकली डोळा नव्हे. तो आत दडलेला राहतो, जागा भरून धरतो आणि त्याच्यामुळे वरचा नकली डोळा थोडाफार हलतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच विचारा, "गोळा बसवणार ना?" विचारायला लाजू नका. काळ्या बुरशीत मात्र कधी पापण्यांसकट सगळंच काढावं लागतं. तिथं चष्म्याला जोडलेला सिलिकॉनचा डोळा-पापणी असा भाग बनवतात.

ऑपरेशननंतर पापण्यांआड प्लास्टिकची पातळ पारदर्शक वाटी ठेवतात. ती निसटली की लोक कचऱ्यात टाकतात. तसं करू नका. साबणानं धुऊन जपून ठेवा आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठा. ती जागेवर नसेल तर खोबण आकसते, आणि आकसलेल्या खोबणीत नकली डोळा टिकत नाही. मी ज्यांना ज्यांना हे सांगतो, त्यातले निम्मे म्हणतात, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही.

सहा ते आठ आठवड्यांनी जखम भरली की नकली डोळ्याचं माप घ्यायचं. शिबिरात किंवा दुकानात तयार डोळे मिळतात, स्वस्त असतात, पण पायात दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं होतं. खोबणीचा साचा घेऊन, शेजारच्या डोळ्याशी रंग जुळवून केलेला ॲक्रिलिकचा डोळाच मागा. दंत महाविद्यालयांत कवळ्या बनवणाऱ्या विभागातही असे डोळे करतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करून पाहा. आणि हे स्पष्ट असू द्या, की या डोळ्यानं दिसत नाही. नेत्रदानातला डोळाही तिथं बसवता येत नाही. त्यातलं मुख्यतः बुबुळावरचं पारदर्शक पटल दुसऱ्याला उपयोगी पडतं.

नकली डोळा रोज काढायची गरज नाही. झोपतानाही असू द्यावा. काढाल तेव्हा हात धुऊन, खाली टॉवेल पसरून काढा. फरशीवर पडला तर ओरखडा जातो आणि तोच ओरखडा मग आत टोचतो. साधा साबण किंवा लहान मुलांचा शाम्पू आणि कोमट पाणी, एवढंच. स्पिरिट नको, डेटॉल नको, उकळतं पाणी तर अजिबात नको. बाहेर ठेवायचाच झाला तर स्वच्छ पाण्यात ठेवा. डोळा पुसताना कानाकडून नाकाकडे पुसा, उलटं पुसलं तर तो फिरतो. खोबणीत मध, दूध, गुलाबपाणी घालू नका. थोडा पांढरा चिकटा येणारच. पण पिवळा-हिरवा पू, वास, रक्त, किंवा आतला गोळा उघडा दिसायला लागला, तर त्याच दिवशी निघा. वर्षातून एकदा तरी डोळा पॉलिश करून घ्या, पाचेक वर्षांनी बदला. लहान मुलाचा त्याआधीच बदलावा लागतो, कारण चेहऱ्याचं हाड वाढत असतं आणि खोबण भरलेली नसेल तर त्या बाजूची वाढ मागे पडते.

आता उरलेला डोळा. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या काचेचा चष्मा लावा, थ्रेशरजवळ तर हमखास. सुरुवातीचे काही महिने चहा कपाबाहेर सांडेल, पायरी चुकेल. अंदाज हळूहळू येतो. आपल्या गावातून जाणारा नागपूर-संभाजीनगर रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवून पाहा. जी बाजू दिसत नाही, ट्रक तिकडूनही येतो.

घरात, गल्लीत कुणी वर्षानुवर्षं काळ्या चष्म्याआड बसलं असेल, एखादी लग्नाची मुलगी चेहरा वळवून बोलत असेल, तर त्यांना वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या नेत्र विभागात घेऊन जा. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. आकसलेली खोबणही ओठाच्या आतली त्वचा लावून पुष्कळदा मोठी करता येते. जाताना ऑपरेशनचा जुना कागद सोबत घ्या.