अर्थ मेळना!

गेल्या मे महिन्यात आमच्या जावाने मला तीन वेळा वाटेत टाकले. पहिल्यांदा कुंडईच्या चढणीवर, दुसऱ्यांदा बाणस्तारीच्या पुलाजवळ आणि तिसऱ्यांदा एका लग्नाच्या मांडवासमोर, ऐन मुहूर्ताला. तिसऱ्या वेळी नवरदेवाच्या मामाने गाडी ढकलायला मदत केली आणि वर सल्लाही दिला, "म्युझियमांत दी रे ही!" त्या सल्ल्याला उत्तर म्हणून हा लेख लिहितो आहे असे समजा.

ही जावा १९७१ सालची, बाबांनी घेतलेली. तिचे मूळ नाव चेकोस्लोव्हाकियातले, पण तिचा जन्म म्हैसूरचा. तिथला कारखाना १९६१ साली सुरू झाला, म्हणजे गोवा मुक्त झाला तेच साल. पुढे तिथल्याच गाड्या येझदी नावाने आल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण ती गाडी वेगळी. आमची ती जुनी, दोन सायलेन्सरची, किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच असलेली. बाबांनी तिच्यावरून शाळेत जाऊन तीस वर्षे मास्तरकी केली. आई पाठीमागे बसून जत्रांना गेली, मी टाकीवर बसून गेलो. आता बाबांचे वय झाले, ते गाडी चालवत नाहीत. संध्याकाळी बल्कांवात बसून तिचा आवाज मात्र ऐकतात.

दोन वर्षांपूर्वी मला हौस आली आणि मी गाडी नवी करून घेतली. सगळी सुटी केली, चेसीला भट्टीतला पावडर कोटिंगचा रंग दिला, टाकीला सोनेरी रेघा मारल्या. गाडी अशी झळकली की शेजारच्या मुली तिच्यासमोर उभ्या राहून फोटो काढून गेल्या. रोग सुरू झाला तो त्यानंतरच.

लक्षणे अशी. किल्ली फिरवली की पुढच्या दिव्याच्या डोक्यावरचा तांबडा दिवा लागतो, तो लागायलाच हवा. इंजिन वेगात आले की तो विझायला हवा, कारण तेव्हा डायनामो बॅटरीला वीज देऊ लागतो. आमचा दिवा विझेना. मंद मंद जळत राही, देवघरातल्या समईसारखा. वीस-पंचवीस किलोमीटर गेले की हॉर्नचा बेडूक होई, मग इंजिन खोकू लागे आणि शेवटी बंद. घरी आणून रात्रभर बॅटरी चार्ज केली की सकाळी बाई पुन्हा ताजीतवानी!

शहरातल्या एका गॅरेजात नेली. तिथल्या पोराने गाडी पाच मिनिटे पाहिली आणि म्हणाला, बॅटरी गेली. बदलली. पंधरा दिवसांनी म्हणाला, रेग्युलेटर गेला. तोही बदलला, नवा इलेक्ट्रॉनिक बसवला. मग कार्बन बदलले. मग पुन्हा बॅटरी! आता मला सांगा, ज्या माणसाला अन्न पचत नाही त्याचे ताट दर पंधरा दिवसांनी बदलून काय होणार? पण त्या पोराला तरी दोष कसा द्यायचा? त्याला कोणी शोधायला शिकवलेच नाही, बदलायला शिकवले.

शेवटी बाबांनी सांगितले, "मेस्ताकडेन व्हर." फोंड्याजवळच्या एका गावात हे मेस्त राहतात. वय सत्तरीच्या पुढे, एका डोळ्याला मोतीबिंदू. मुलगा तारवटी, बोटीवर असतो. घराच्या पडवीत एक लाकडी बाक, पाने-पक्कड आणि भिंतीला खिळ्यावर लटकवलेला एक साधा सहा व्होल्टचा बल्ब, दोन तारा लावलेला. हेच त्यांचे निदानाचे यंत्र. मी मिटर नेला होता. मेस्तांनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "आसूं दी, तूं आंकडे वाच, हांव उजवाड पळयतां."

त्या दुपारी मी जे पाहिले ते क्रमाने सांगतो, कारण सगळी गंमत त्या क्रमातच आहे.

आधी बॅटरी. इंजिन बंद असताना मिटरने ६.३ व्होल्ट दाखवले. दिवा लावला तरी आकडा फारसा उतरला नाही. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग इंजिन चालू करून वेग दिला. आकडा ७ च्या पुढेमागे जायला हवा होता, तो ६.१ वरून हलेना. म्हणजे बॅटरीपर्यंत वीज येत नव्हती.

मग उजव्या बाजूचे झाकण काढले. या गाडीचा डायनामो इंजिनच्या दांड्याच्या टोकालाच बसवलेला असतो. मधोमध आर्मेचर फिरते, त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बन घासतात आणि तिथून वीज बाहेर येते. मेस्तांनी कार्बन बोटाने दाबून पाहिले. स्प्रिंगवर मोकळे हलत होते. पट्ट्या थोड्या काळवंडल्या होत्या, त्या पेट्रोलच्या फडक्याने पुसल्या आणि पट्ट्यांमधल्या बारीक फटी बांबूच्या टोकदार कामटीने कोरल्या. चालू करून पाहिले. फरक नाही.

तिसरी पायरी सर्वांत सुंदर. मेस्तांनी रेग्युलेटरला बाजूला सारले, फील्डची तार थोडा वेळ सरळ जोडली आणि भिंतीवरचा तो बल्ब काढला. त्याची एक तार डायनामोच्या मुख्य तारेला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. मी ॲक्सिलरेटर पिळला आणि बल्ब असा पेटला की डोळे दिपले. डायनामो ठणठणीत! मग त्यांनी काही न बोलता तीच दुसरी तार इंजिनवरून उचलली आणि चेसीला, एका रंग उडालेल्या बोल्टला टेकवली. बल्ब मंद झाला. तीच समई.

मेस्तांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सगळें बरें आसा. हिका अर्थ मेळना."

क्षणभर मला कळेना की ते गाडीविषयी बोलताहेत की माझ्या लिखाणाविषयी!

अर्थ म्हणजे अर्थिंग. डायनामोतून निघालेली वीज तारेने बॅटरीला जाते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तिला परत यायलाही वाट लागते आणि ती वाट तारेची नसून गाडीच्या अंगाची असते. बॅटरीचे एक टोक चेसीला, चेसीला इंजिन बोल्टने घट्ट. धातूला धातू भिडलेला असला की वर्तुळ पुरे होते. आणि मी काय केले होते? त्या चेसीला भट्टीतला जाड, गुळगुळीत रंग दिला होता, बोल्टांच्या खालीसुद्धा. तो रंग प्लास्टिकच्या जातीचा, त्यातून वीज जात नाही. मिटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थला आणि दुसरे इंजिनला लावले, दिवा चालू ठेवून वेग दिला, तेव्हा जवळजवळ १ व्होल्ट दिसला. तिथे शून्याच्या आसपास असायला हवे. सहा व्होल्टच्या गाडीत एक व्होल्ट म्हणजे सहावा हिस्सा वाटेतच सांडला! बारा व्होल्टच्या गाडीने हे थोडे निभावून नेले असते. पण त्याच वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर दुप्पट अँपिअर ओढतो, म्हणून कच्चा जोड तिला दुप्पट नडतो. आणि या डायनामोची कमाई ती केवढी? जेमतेम ४५ वॅट. गरिबाच्या घरातली गळती ती.

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. इंजिनचा एक बोल्ट, रेग्युलेटरचा पाय आणि बॅटरीच्या अर्थचा बोल्ट, या तिन्हींखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून खालचा धातू उघडा केला. दातेरी वायसर घातले. इंजिनपासून चेसीपर्यंत आणि तिथून बॅटरीपर्यंत एक जाड विणलेली तार ओढली आणि वर ग्रीसचे बोट फिरवले, आपल्या खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून. गाडी चालू केली. ७.१! तांबडा दिवा विझला. मेस्तांनी दोनशे रुपये घेतले, त्यातले पन्नास तारेचे. त्याआधी मी किती हजार घालवले होते ते इथे लिहीत नाही, बायको हा ब्लॉग वाचते.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडी मी बिघडवली होती, आणि ती दुर्लक्षाने नव्हे, प्रेमाने! नटवण्याच्या नादात तिचा अर्थ मी रंगाखाली बुजवला. आपल्याकडे जुन्या गोष्टींचे सध्या हेच चालले आहे असे मला वाटते. मांडावरचे धालो आपण मंचावर आणले, जागराला दहा मिनिटांचा 'आयटम' केले. दिवे उत्तम, पोशाख नवे कोरे, फोटो झकास. पण मांडाशी, त्या गावाशी, त्या रात्रीशी असलेला जोड? तो रंगाखाली गेला. उलट आपल्या जत्रांतली मराठी नाटके पाहा. नेपथ्य कधी ढासळते, दुकानदार पोर संवाद विसरते, नटी बाहेरून आणावी लागते. तरी ती अजून चालतात, कारण गावाशी त्यांचा अर्थ पक्का आहे. तिथे झळाळी कमी असेल, पण वर्तुळ पुरे होते.

दुसरी गोष्ट, "म्युझियमांत दी" या सल्ल्याची. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. टू-स्ट्रोक गाडी धूर सोडते हे मलाही दिसते आणि रोज तिच्यावरून कचेरीत जाण्याचा हट्ट माझा नाही. पण डायनामोचा एक साधा धर्म आहे: इंजिन फिरले तरच तो वीज देतो. उभी ठेवलेली गाडी कितीही पुसा, तिची बॅटरी दिवसागणिक उतरतच जाते. म्हणून माझे मत असे की जुनी वस्तू जपायची तर तिला थोडे तरी कामाला लावा. आठवड्यातून एकदा देवळापर्यंत का होईना, पण न्या.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत निकडीची. मेस्तांच्या पडवीत शिकाऊ पोर नाही. तो बल्ब भिंतीवर आहे, पण तो कुठे टेकवायचा हे फक्त त्यांच्या हाताला माहीत आहे. आपण जुन्या गाड्यांच्या रॅली काढतो, मालकांना करंडक देतो. ज्यांच्या जिवावर त्या गाड्या रॅलीपर्यंत पोचतात, त्या मेस्तांना मंचावर कोणी बोलावत नाही. निदान त्यांचे ऐकून लिहून तरी ठेवूया. मी एक वही केली आहे. रविवारी मेस्तांकडे जातो, ते सांगतात, मी लिहितो. वाक्ये माझ्या मराठीत, शब्द त्यांच्या कोंकणीत. पहिल्या पानावर त्यांचे एकच वाक्य आहे: "पयलीं पळय, मागीर बदल." तुमच्याही गावात असे कोणी मेस्त असतील, गाडीचे, घड्याळाचे, पेटीचे. एक वही घेऊन जा. मोतीबिंदू कोणासाठी थांबत नाही.

असो. त्या दिवशी संध्याकाळी मी मेस्तांकडून घरी आलो, तेव्हा बाबा बल्कांवात बसले होते. आवाजावरूनच त्यांना कळले असावे. तरी त्यांनी विचारलेच, "तांबडो दिवो पालवलो?"

मी म्हटले, "पालवलो."

मग ते उठले, काठी बाजूला ठेवली आणि सीटच्या मागच्या बाजूला हात ठेवून म्हणाले, "चल, देवळामेरेन वचून येवया."