मंजुघोषेच्या पणत्या

जून महिन्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांसाठी झुंबड उडते. त्या गर्दीत अभियांत्रिकीच्या पुस्तकांची यादी हातात धरून उभी असलेली एखादी मुलगी आपली पाळी आली की आवाज खाली आणून विचारते, "फोर्थ विंग आहे का?" रेबेका यारोस यांची ही इंग्रजी कादंबरी २०२३ सालची. तिची नायिका वीस वर्षांची आहे. युद्धविद्यालयात ती ड्रॅगनवर स्वार व्हायला शिकते आणि देहदंड झालेल्या बंडखोराच्या मुलावर तिचा जीव जडतो. शाळा संपलेल्या पण संसार सुरू न झालेल्या वयाच्या अशा गोष्टींसाठी 'न्यू ॲडल्ट' हे नाव अमेरिकेतल्या सेंट मार्टिन्स प्रेसने २००९ साली पुढे आणलं.

मुलीचा तो खालचा आवाज मला खटकतो. अद्भुत प्रेमकथांचं हे खूळ बाहेरून आलं असं घरोघरी म्हटलं जातं, पण ते खरं नाही. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी १८६८ साली निघाली. त्याआधी १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली होती. मराठी कादंबरी चालायला शिकली तीच अशा अद्भुताच्या वाटेवर. पुढे नाथमाधवांनी 'वीरधवल' लिहिली. सिंहगडाच्या परिसरात शिकारीला गेले असताना ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली लुळे झाले. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने मराठी वाचकाला घोड्यावर बसवून कल्पनेतल्या राज्यांत हिंडवलं.

रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणाने सांगितली आहे. आपल्या लग्नाच्या चालीरीती अशा आहेत, की रोजच्या आयुष्यात कादंबरीला पुरेल असं काही घडतच नाही. मग मनोरंजन करायचं तर अद्भुताकडे वळावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मराठी साहित्याच्या इतिहासातला इतका प्रांजळ कबुलीजबाब मला दुसरा ठाऊक नाही. नवव्या-दहाव्या वर्षी लग्न उरकणाऱ्या समाजात विसाव्या वर्षी प्रेमात पडणारी मुलगी लेखकाने आणायची कुठून?

आनंदीबाई जोशींचंच आयुष्य बघा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत ते मूल गेलं. १८८६ साली फिलाडेल्फियात एम.डी. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू. तेव्हा त्यांना बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. आजच्या कादंबरीची नायिका ज्या वयात आयुष्याला सुरुवात करते, त्या वयात आनंदीबाईंचं सगळं होऊन गेलं होतं.

अठरा ते पंचवीस ही वर्षं आपल्या मुलींना कुणी सहज दिलेली नाहीत. संमतिवयाचा कायदा १८९१ चा. मर्यादा दहावरून बारावर न्यायची एवढीच बाब, पण तेवढ्यासाठी याच शहरात 'केसरी' आणि 'सुधारक' या वृत्तपत्रांची जुंपली. शारदा कायद्याने १९२९ साली मुलीचं लग्नाचं वय चौदा ठरवलं. अठरा झालं ते १९७८ मध्ये.

मग आजही या प्रेमाला युद्ध आणि ड्रॅगन का लागतात? माझं उत्तर असं, की युद्धात घराची शिस्त सैलावते. कुणाच्या पाठीशी उभं राहायचं, कुणावर विश्वास टाकायचा, हे त्या नायिकेला स्वतःच ठरवावं लागतं. इथे मुलगी कमावती झाली तरी 'स्थळ' घरचे बघतात. जात आणि पत्रिका आधी, तिची पसंती मागाहून. रिसबुडांची अडचण पुरती सरलेली नाही. या पुस्तकांत दोष आहेतच. नायकाच्या धाकदपटशालाच प्रेम म्हणून खपवणारी पुस्तकं मला मुळीच आवडत नाहीत, आणि वयाची सूचना मुखपृष्ठावर हवीच.

पण हे सगळं ती मुलगी इंग्रजीत वाचते, याची खंत जास्त आहे. तिला आपली वाटेल अशी नायिका पुण्याच्या लेखकांनी आणि प्रकाशकांनी मराठीत उभी करावी. सह्याद्रीचे कडे, घाटवाटा, भुयारं, देवराया सगळं हाताशी आहे. आणि आईबापांनो, मुलीच्या उशाशी ते जाडजूड पुस्तक दिसलं तर काढून घेऊ नका. तिचं झालं की मागून घ्या आणि वाचा.